ब्लँकेट द्या, फोटो राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ तोंडावर आला की आपल्या शहर पुरवणीत दरवर्षी एक ठरलेला फोटो येतो. मागे बॅनर, मधे आठ-दहा माणसे, पुढे एक म्हातारी आणि तिच्या हातातल्या ब्लँकेटला एकाच वेळी लागलेले सहा हात. मी ख्रिस्ती आहे, आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर बरीच वर्षे आहे. असे फोटो मी काढलेले आहेत आणि त्यांत उभाही राहिलो आहे, म्हणूनच हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी आम्ही एका सरकारी दवाखान्याबाहेर ब्लँकेटे वाटली. पेशंटचे नातेवाईक तिथे रात्री व्हरांड्यात, झाडाखाली, जागा मिळेल तिथे पडलेले असतात. एका आजीबाईंना ब्लँकेट दिले, पण त्यांची मान खाली असल्याने फोटो नीट आला नाही. आमच्यातल्या एकाने ते परत घेतले, "आजी, जरा वर बघा," म्हणाला आणि पुन्हा दिले. तोवर बॅनरचे एक टोक सुटले, म्हणून तिसऱ्यांदा. तेव्हा आजी म्हणाल्या, "आरं बाबा, एकदाच दे की. न्हाईतर ऱ्हाऊ दे." सगळे हसले. मोबाइल माझ्या हातात होता. मीही हसलो.

दानधर्म करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे शास्त्रवचन आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. पण मला त्या दिवसापासून सलते आहे ते बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातले. 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले,' असे राजा, म्हणजे ख्रिस्त, ज्यांना म्हणतो, ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले? त्यांच्या काही लक्षातच नसते. आमच्याकडे तर तारीख-वेळेसकट पुरावा आहे!

आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले जामखेड सगळ्यांना माहीत आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले जोडपे 1970 मध्ये तिथे आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. लोकांना आधी हवे होते पाणी आणि अन्न. 1972 च्या दुष्काळाच्या काळात विंधन विहिरी घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या शक्यतो दलित वस्तीत घ्यायच्या असे त्यांनी पाहिले. म्हणजे पाण्यासाठी उरलेल्या गावाला तिथे जाणे भाग. शिवाशिवीवर भाषण न देता हातपंपाची जागा बदलली. मला विचाराल तर कितीतरी रविवारच्या उपदेशांपेक्षा हे मोठे.

पुढे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाबाने सुकलेले पोर, क्षयाच्या गोळ्या असे सगळे त्या गावातच बघू लागल्या. 1979 मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण कालपर्यंत जिला दारातून आत घेत नव्हते, तिला रात्री दोन वाजता हाक मारून बोलवू लागले, हा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनीही दुष्काळातल्या मुलींना नुसते जेवू घातले नाही. छापखान्याचे, विणकामाचे, शेतीचे काम त्यांच्या हाती दिले. दोन्हीकडे घेणाऱ्याची मान वर आली, आणि तीही कोणी 'वर बघा' न म्हणता.

ख्रिस्ती माणूस मदतीला गेला की धर्मांतराचा संशय येतो, अशी आमच्यातल्या अनेकांची तक्रार असते. संशय कधी अन्यायाचाही असतो, मी नाही म्हणत नाही. पण मग गरजवंताला आमच्या नावाच्या बॅनरखाली उभे करायचा हट्ट आपण तरी का धरावा?

यंदाच्या कमिटीत मी म्हटले, हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लोकांनी आणलेल्या वस्तूंच्या लिलावाचे पैसे आहेत, त्यांतून त्या दवाखान्याबाहेरच्या लोकांना थंडीभर रात्री गरम पाणी आणि चहाची सोय करू. दोघे-दोघे आळीपाळीने जाऊ. बरीच चर्चा झाली. थंडी संपेपर्यंत रोज कोण जाणार, हा प्रश्न आला आणि गाडी तिथेच अडली. आतापर्यंत पाच नावे आली आहेत, त्यांत दोन माझ्याच घरची. ब्लँकेटवाटप मात्र एकमताने मंजूर झाले.

तेव्हा आपल्याला एक विनंती. या महिन्यात तसा फोटो आपल्या कार्यालयात येईल. कृपया छापू नये. आमच्या मंडळीकडून आला तरीही.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर