सूचना : उन्हाळ्यातली रीफ टाकी

सर्व सभासदांना नमस्कार,

एप्रिल-मे तोंडावर आला आहे. ज्यांची रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, पन्नास-साठ लिटरची आहे, त्यांनी हे आवर्जून वाचावे. पाणी थोडे असल्याने ते झटकन तापते. तापमान 25 ते 27 अंशांदरम्यान ठेवा. ते 30 च्या वर राहू लागले, तर प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात.

पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा लावा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तो चांगले काम करतो, मुंबईच्या दमट हवेत मात्र कमी पडतो. तिथे खोलीचा एसी किंवा चिलर (टाकीचे पाणी थंड करणारे यंत्र) लागेलच.

पंखा लावला की पाणी भराभर उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. त्यामुळे तूट भरून काढताना फक्त आरओ-डीआयचे (क्षार काढून टाकणाऱ्या गाळणीचे) गोडे पाणीच घाला. खारे पाणी घातलेत, तर क्षारता चढत जाईल. काचेवर मार्करने रेघ ओढा आणि रोज तिथपर्यंत पाणी भरा. रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजण्याच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 दिसले पाहिजे.

वीज गेल्यावर खाद्य देऊ नका आणि बॅटरीवरचा एअर पंप लगेच सुरू करा. पंप हाताशी ठेवा, चार्ज आहे ना हे आजच बघा.

सुट्टीत मालवणला जाणाऱ्यांना कळकळीची विनंती : प्रवाळाचा तुटका तुकडाही उचलून आणू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे.