कार्टून आहे म्हणजे लहान मुलांचं आहे असं नसतं, साहेब

माननीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
स.न.वि.वि.

साहेब, पाल्हाळ न लावता मुद्द्यावर येतो. २०२३ मधे सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि जुन्या यूए (म्हणजे मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवा) सर्टिफिकेटचे तीन भाग झाले, यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे चांगलं झालं, मनापासून सांगतो, कारण १९८३ पासून आपण १२ वर्षं वय हा एकच आकडा धरून बसलो होतो आणि पाच वर्षांचं पोर आणि अकरा वर्षांचं पोर एकाच मापात मोजत होतो. पण आता हा आकडा बघून आईबापांनी नक्की काय समजायचं ते कुणीच सांगत नाहीये, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो हाणामारीवाल्या अ‍ॅनिमेटेड फँटसी सिनेमांच्या बाबतीत.

म्हणजे बघा, पोस्टरवर ड्रॅगन, तलवार घेतलेला एक मुलगा, मागे जादूचा किल्ला, रंग एकदम झकास. खाली बारीक अक्षरात यूए १३+. आता हे १३+ कशामुळे? शिव्या आहेत म्हणून? रक्त आहे म्हणून? की हिरोच्या आईला त्याच्या डोळ्यासमोर मारलंय म्हणून? तिन्ही गोष्टींना आकडा तोच, आणि घरी त्यांचा परिणाम मात्र पूर्ण वेगळा. एखाद्या घरी शिवी चालत नाही, एखाद्या पोराला रक्ताचं काही वाटत नाही पण कुणी एकटं पडलेलं बघवत नाही. निर्णय आम्हालाच घ्यायचाय हे मान्य, यूए चा अर्थच तो आहे, थिएटरवाला फक्त ए ला, म्हणजे निव्वळ मोठ्यांच्या सिनेमाला, अडवतो, यूए ला गेटवर कुणी अडवत नाही आणि अडवावं असं माझं म्हणणंही नाही. पण निर्णय घ्यायला माहिती तर लागेल ना?

गंमत अशी की ही माहिती द्यायचा नियम तुमच्याच मंत्रालयाकडे आहे. ऑनलाइन माध्यमांसाठीचे २०२१ चे आयटी नियम काढा. ओटीटीवर वयाचं रेटिंग तर दाखवावं लागतंच, शिवाय सिनेमात काय आहे ते सांगणारी ओळ सुरुवातीला दाखवावी लागते, आणि यूए १३+ आणि त्यावरच्या कंटेंटला पॅरेंटल लॉकची सोय द्यावी लागते. म्हणजे तोच सिनेमा मोबाईलवर बघितला तर मला कळतं की यात हिंसा आहे, आणि थिएटरमधे, जिथे पडदा भिंतीएवढा आणि आवाज छातीत घुमतो आणि पॉज करायचं बटण नाही, तिथे सर्टिफिकेटच्या पाटीवर आकडा दिसतो, कारण दिसत नाही. हे उलटं नाही का झालं?

आता ‘योग्य की अयोग्य’ कसं ठरवायचं त्याबद्दल. आपल्याकडे सहसा मुडदे मोजले जातात. किती मेले, रक्त किती सांडलं, आणि ते रक्त लाल ऐवजी जांभळं केलं किंवा राक्षस मेल्यावर त्याचा धूर झाला की सगळ्यांना हायसं वाटतं. मी भाच्याला असाच एक सिनेमा दाखवायला घेऊन गेलो होतो, भाचा सहा वर्षांचा. लढाईत शेकडो राक्षस धडाधड पडत होते तेव्हा हा पठ्ठ्या खुर्चीत उड्या मारत होता. मग एक शांत सीन आला, जखमी झालेला एक प्राणी कुशीवर पडलाय, म्युझिक बंद, फक्त त्याच्या श्वासाचा आवाज. रक्ताचा थेंब नाही. भाच्याने दोन्ही कानात बोटं घातली, डोळे मात्र उघडे, आणि पाय वर खुर्चीत ओढून घेतले. रात्री झोपताना प्रश्न काय, तर त्या प्राण्याजवळ कुणी आलं नाही म्हणून तो मेला का? शेकडो राक्षसांबद्दल एक अक्षर नाही!

यात नवल काही नाही. साधारण सात वर्षांपर्यंतची मुलं दिसणं आणि आवाज यांना घाबरतात, अक्राळविक्राळ तोंड, अचानक झालेला धमाका, चांगल्या माणसाचं एकदम काहीतरी भयानक रूप होणं. ‘अरे ते खोटं आहे’ हे सांगून त्या वयात फार उपयोग होत नाही. मोठी झाली की राक्षसाचं काही वाटत नाही, पण खरंच घडू शकेल अशा गोष्टीची भीती बसते, अपहरण, घर जळणं, आईवडील न परतणं. म्हणजे फँटसी आहे म्हणून सौम्य धरा हा हिशोब प्रत्येक वयाला वेगळा लागू होतो. आणि तिसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते, ती म्हणजे परिणाम न दाखवलेली हिंसा. हिरो भिंतीवर आपटतो, उठतो, कपडे झटकतो, एक जोक मारतो. ज्याला मारलं त्याला दुखलंच नाही. हे पाच वर्षांच्या मुलाला अजिबात भीतीदायक नाही, म्हणून ते आरामात खालच्या आकड्यात बसतं, आणि नेमकं तेच तो घरी धाकट्या बहिणीवर करून बघतो.

अ‍ॅनिमेशन म्हटलं की मोठ्यांची नजर सैल पडते हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. ब्रिटनच्या सिनेमा सर्टिफिकेट देणाऱ्या बोर्डाने १९७८ मधे वॉटरशिप डाउन या सशांच्या सिनेमाला यू, म्हणजे सगळ्यांनी बघावा असं, सर्टिफिकेट दिलं, चित्रं असल्यामुळे रक्तपाताची भीषणता कमी होते असा तेव्हाचा विचार होता. त्यानंतर कित्येक पिढ्यांतली मुलं ते ससे बघून रडली, घाबरली, आणि तब्बल चाळीस-एक वर्षांनी बोर्डाने ते पीजी, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघा, असं केलं आणि कारणंही लिहिली, हिंसा, धोक्याचं वातावरण, थोडी रक्ताळलेली दृश्यं, एखादी शिवी. उशीर झाला खरा, पण चूक झाली असं वाटल्यावर आकडा बदलता येतो आणि का बदलला ते छापता येतं. अमेरिकेतही रेटिंगच्या चौकटीत कारणाची एक ओळ असते. जपानमधे, जिथे अ‍ॅनिमेशन मोठ्यांसाठीही बनतं हे कुणाला समजवावं लागत नाही, तिथे जी (सगळ्यांसाठी) आणि आर१५+ (पंधराच्या खालच्यांना बंदी) च्या मधे पीजी१२ (बाराच्या खालच्यांना पालकांचं मार्गदर्शन) ठेवलंय. तिथे टीनएजर डोळ्यासमोर ठेवून बनवलेला सिनेमा इथे डब होऊन आला की पोस्टर बघून आपण तो केजीतल्या पोरांचा समजतो.

आपल्याकडची सेन्सॉर बोर्डासाठीची १९९१ ची गाइडलाइन्स मी वाचली आहेत. त्यात चांगलं लिहिलंय, सिनेमा एकसंध बघावा, एकूण परिणाम बघावा, लहान मुलं हिंसेचे बळी किंवा हिंसा करणारी दाखवली असतील तर ते तपासावं, विनाकारण क्रूरता नको. फक्त अडचण अशी की अर्ध्या फँटसी सिनेमांचा हिरोच दहा-बारा वर्षांचा असतो आणि हातात शस्त्र असतं. मग त्या कलमाचं काय करायचं? शब्दशः लावलं तर सगळेच कापावे लागतील आणि सोडून दिलं तर कलमाला अर्थ उरत नाही.

आणि हो, कापाकापीची मागणी मी करत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. भीती मुलांना हवी असते. गोष्टीत राक्षस नसेल तर मुलं गोष्ट ऐकत नाहीत, आणि तो शेवटी मेला पाहिजे असा त्यांचाच आग्रह असतो. पण गोष्ट सांगणारी आजी पोराचा चेहरा बघत असते, जास्त झालं की राक्षसाला थोडं बुटकं करते. पडद्याला पोराचा चेहरा दिसत नाही, म्हणून ते काम बरोबर गेलेल्या मोठ्या माणसाला करावं लागतं आणि त्याला आत जायच्या आधी माहीत पाहिजे की पुढे काय वाढून ठेवलंय. सीन कापला तर चौदा वर्षांच्या मुलीचाही सिनेमा खराब होतो, तिने काय घोडं मारलंय? परत कापलेल्या सिनेमाला खालचा आकडा मिळतो आणि आणखी लहान पोरं आत जातात, हा वेगळाच ताप.

माझं मागणं एवढंच, ओटीटीला जी ओळ सक्तीची आहे ती थिएटरच्या सिनेमालाही करा, सर्टिफिकेटवर, पोस्टरवर आणि विशेष म्हणजे तिकीट बुकिंगच्या पानावर, कारण हल्ली निर्णय तिथेच होतो, थिएटरात पाटी दिसेपर्यंत पैसे गेलेले असतात आणि पोर मांडीवर असतं. आणि ओळ मोघम नको, ‘फँटसी हिंसा’ एवढंच लिहून कुणालाच काही कळत नाही. ‘पालकाचा मृत्यू दाखवला आहे’, ‘अचानक दचकवणारी दृश्यं’, ‘प्राण्याला इजा’, ‘मुलं शस्त्र वापरतात’ असं साध्या मराठीत, आणि सिनेमा ज्या भाषेत डब झालाय त्या भाषेत. अ‍ॅनिमेशन तपासणाऱ्या समितीत लहान मुलांसोबत रोज काम करणारं कुणीतरी, बालमानसतज्ज्ञ किंवा बालवाडीच्या ताई, एक तरी असू द्या, आणि यूए ७+ देताना त्यांचं मत लेखी घ्या.

सुट्ट्यांमधे असे दोन-तीन सिनेमे हमखास येतात. ओटीटीचा नियम थिएटरला कधीपासून लावणार, त्याची तारीख जाहीर करा, आणि लावणार नसाल तर का नाही तेही लेखी सांगा.

आपला,
एक मामा