सिसप्रेप अडला तर ती पायरी गाळू नका, लॉग उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या तंत्रज्ञान पुरवणीत एका पीसीवर विंडोज मनासारखं सेट करून त्याचीच इमेज (अख्ख्या विंडोजची एका फाईलमधली प्रत) बाकीच्या पीसींवर कशी टाकायची यावर लेख आला, आधी त्याबद्दल मनापासून आभार, कारण या विषयावर मराठीत धड वाचायला मिळत नाही. पण त्यात शेवटी एक वाक्य होतं, की सिसप्रेप, म्हणजे कॉपी करण्याआधी त्या पीसीची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजमधलं टूल, एरर देत असेल तर ती पायरी सोडून सरळ क्लोन केलं तरी चालतं. ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

मी नेमकं तेच करून बसलो होतो. चाळीसेक पीसी होते, सिसप्रेप सारखा अडत होता, वेळ नव्हता, म्हणून पहिल्या पीसीची डिस्क आहे तशी कॉपी केली आणि प्रत्येकाचं नाव तेवढं बदललं. कित्येक महिने सगळं सुरळीत. मग अपडेट आले आणि एका पीसीवरून दुसऱ्याचा शेअर फोल्डरच उघडेना, पासवर्ड बरोबर टाकला तरी परत परत पासवर्ड विचारतोय. मी दोन दिवस केबल, स्विच, फायरवॉल तपासत बसलो. कारण निघालं ते वेगळंच, सगळ्या पीसींचा एसआयडी, म्हणजे विंडोज स्वतःच्या ओळखीसाठी बनवतं तो नंबर, एकच होता. नाव बदललं तरी तो बदलत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांमध्ये २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर हा नंबर काटेकोर तपासला जातो आणि दोन मशीनचा सारखा निघाला की लॉगिन नाकारलं जातं. आधी वर्षानुवर्षं हे खपून जायचं म्हणून लोक अजून सांगतात की काही होत नाही. शेवटी चाळीसच्या चाळीस पीसी परत पहिल्यापासून सेट केले.

आता सिसप्रेप का अडतो, तर त्याचं उत्तर तो स्वतःच लिहून ठेवतो. स्क्रीनवर फक्त एवढंच येतं की इन्स्टॉलेशन व्हॅलिडेट करता आलं नाही, पण सिस्टम३२ मधल्या सिसप्रेप फोल्डरात पँथर नावाचा फोल्डर असतो, त्यात सेटअपअ‍ॅक्ट नावाची लॉग फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि खालून वर वाचत या. मला तिथे स्टोअरच्या एका अ‍ॅपचं लांबलचक नाव दिसलं आणि पुढे लिहिलेलं की हे एका युजरसाठी इन्स्टॉल आहे, सगळ्यांसाठी नाही. होतं असं की आपण नेट जोडून सॉफ्टवेअर टाकत बसतो आणि तेवढ्यात स्टोअर मागच्या मागे त्या एका युजरची अ‍ॅप्स अपडेट करून टाकतं. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड विंडोमधून ते अ‍ॅप काढलं, परत सिसप्रेप चालवला, तर दुसऱ्या अ‍ॅपचं नाव. असं चार वेळा झालं, पण पाचव्यांदा सिसप्रेप पार पडला. तिसऱ्या वेळेलाच वैतागून सोडून देणारे खूप बघितलेत, आणि मीही त्यातलाच होतो.

दुसऱ्या एका लॅपटॉपवर लॉगमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असल्याचं लिहिलं होतं. मी चालू केलंच नव्हतं! नव्याने विंडोज ११ टाकलं की बऱ्याच मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, ते बंद करून पूर्ण उतरेपर्यंत थांबावं लागतं.

खरं तर हे सगळं टाळता येतं. पहिल्यांदा सेटअपचा स्क्रीन येतो तिथेच, युजर बनवायच्या आधी, कंट्रोल शिफ्ट एफ३ दाबायचं म्हणजे ऑडिट मोड (नवा युजर न बनवता विंडोज सेट करता येतं तो मोड) सुरू होतो, नेट काढून ठेवायचं, सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवरून टाकायचं. आणि जमलं तर हे व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या पीसीत करा, सिसप्रेपच्या आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेतला की बिघडलं तरी दोन मिनिटांत मागे येता येतं. विंडोज ७ ला जनरलाइज (सिसप्रेप पीसीची ओळख पुसतो ती क्रिया) तीनदाच करता यायचं, ती भीती अजून लोकांच्या डोक्यात आहे, पण ८.१ पासून ती मर्यादा १००१ वर गेलीये.

अजून एक, जनरलाइज करताना रिस्टार्ट नाही, शटडाऊनच निवडा. मी एकदा पेनड्राईव्हवरून इमेज घ्यायला पीसी चालू केला आणि बूट मेन्यूची की दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, पेनड्राईव्हऐवजी तो स्वतःच्याच डिस्कवरून उठला, नव्या पीसीसारखा भाषा आणि कीबोर्ड विचारायला लागला आणि सगळी मेहनत गेली. आधी बूट ऑर्डर बदला, मग सिसप्रेप.

ती इमेज बाकीच्या पीसींवर टाकायला पेनड्राईव्ह बनवताना फाईल खूप मोठी आहे असा मेसेज आला तर पेनड्राईव्ह खराब आहे म्हणून नवा घेऊ नका, फॅट३२ या पेनड्राईव्हच्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही आणि आपली इमेज हमखास त्याच्या वर जाते, डिझम या विंडोजमधल्या कमांडने तिचे ३८०० एमबीचे तुकडे करा, विंडोजचा सेटअप ते तुकडे बरोबर जोडून घेतो.

माझी विनंती एवढीच की ते एक वाक्य दुरुस्त करून छापा, कारण पेपरात आलंय म्हटल्यावर लोक तसंच करणार आणि त्रास लगेच नाही, कितीतरी महिन्यांनी होणार, तेव्हा कुणाला आठवणार पण नाही की कुठली पायरी गाळली होती. आणि जागा असेल तर नुसत्या लॉग वाचण्यावर एक लेख द्या. माझ्याकडे त्या सगळ्या लॉग फाईल्स जपून ठेवलेल्या आहेत, कुठल्या ओळीवरून काय कळलं ते खुणा करून पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक