आई-बाबा, नोकरी सोडून मी पुन्हा कॉलेजात बसले आहे

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. गेल्या दोन रविवारी विषय काढायचा प्रयत्नही केला. पण बाबा, तुम्ही नेहमीसारखं "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्याकडे दिलात आणि आईने पहिलाच प्रश्न विचारला, "ऑफिसात सगळं ठीक ना?" मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. तेव्हापासून मन खातंय, म्हणून आज लिहायला बसले.

मी नोकरी सोडली. सहा आठवडे झाले. कॉलेजात प्रवेश घेतलाय, संगणक आणि ॲप्लिकेशन डेव्हलपमेंटच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला. दोन वर्षांचा आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला नसता. तुम्ही दोघं नुसते रात्र रात्र जागत बसला असता आणि ते बघून मीच माघार घेतली असती. न सांगितल्याचं वाईट वाटतं. निर्णयाचं वाटत नाही.

अकरा वर्षं हिशेबाच्या खात्यात काढून आता हे काय, असं बाबांच्या मनात येणारच. खरं कारण मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

आई, तुझी ती निळी वही. मावशीचा नंबर तिच्यात तीन ठिकाणी होता. मावशीचा नंबर बदलला तेव्हा तू दोन ठिकाणी दुरुस्त केलास, तिसऱ्या ठिकाणी राहून गेला. त्या रात्री मावशीला फोन लावायची वेळ आली आणि नेमकं तेच पान उघडलं गेलं. माझा फोन तर वर्षअखेरच्या कामात खणात पडून होता. त्यावर आपण तिघं कधी बोललो नाही, पण तू ती वही तेव्हापासून कपाटात मागे ठेवलीस हे मी पाहिलंय. चूक आपली असं तू धरून बसली आहेस.

चौथ्या आठवड्यात डेटाबेस, म्हणजे संगणकात माहिती तक्त्यांत मांडून ठेवणं, शिकवायला लागले. पहिला धडाच हा, की एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली तर कधी ना कधी त्या दोन जागा वेगवेगळं बोलू लागतात. म्हणून नंबर एकाच तक्त्यात, एकदाच लिहायचा आणि बाकी सगळीकडून फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं. एडगर कॉड नावाच्या संशोधकाने आयबीएममध्ये असताना १९७० साली मांडलेल्या विचारातून हे आलं. सगळे वहीत उतरवून घेत होते आणि मला पुढचा अर्धा तास एक ओळ लिहिता आली नाही. आई, चूक तुझी नव्हती गं. वहीची मांडणीच अशी होती की कितीही नीटनेटक्या माणसाच्या हातून एक जागा राहणारच. मोठमोठ्या संस्थांच्या नोंदींतही हेच होतं, म्हणून तर त्यावर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं.

मला ती मांडणी करायला शिकायचंय. दुसऱ्याने केलेल्या तक्त्यात आकडे भरत बसायचं नाही.

बाबा, "व्यवसाय अभ्यासक्रम" वाचून तुम्ही चष्मा काढून बाजूला ठेवला असेल. पदवी माझ्याकडे आहेच. इथे हात तयार होतो. निम्म्याहून जास्त वेळ प्रयोगशाळेत जातो. वापरणाऱ्याला काय हवंय ते आधी त्याच्याशी बोलून लिहून काढायचं, मग कागदावर ॲपच्या स्क्रीनची चित्रं, मग डेटाबेस, मग कोड, मग चाचण्या. सत्र संपताना चालणारी वस्तू दाखवावी लागते. नुसता पेपर लिहून सुटका नाही. शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी पाठवतात. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची आहेत, मला ताई म्हणतात, अडलं की शेजारी येऊन बसतात. हिशेबाचं काहीही आलं की ती माझ्याकडे येतात.

आणि तुमची रेघ इथे रोज भेटते. "खोडू नकोस, वरून एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे," असं तुम्ही मला पाचवीत असल्यापासून सांगायचात. आम्ही गिट वापरतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी ते बनवलं. कोडमध्ये काय बदललं, कुणी, कधी आणि का, याची नोंद प्रत्येक टप्प्याला ठेवायची आणि लागेल तेव्हा मागे जायचं. इतरांना ही सवय जड जाते. मला ती तुमच्या खतावणीवरून लहानपणीच लागलेली आहे.

आई, तुला अजून एक सांगायचंय. शब्दातली अक्षरं मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याला "स्त्री" दिला. उत्तर आलं ६. माझं बोट धरून तू हेच अक्षर पाटीवर कितीदा गिरवून घेतलं होतंस, आणि ते एकच अक्षर होतं! संगणकाच्या लेखी स, हलन्ताचं चिन्ह, त, पुन्हा हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, सहा तुकडे होतात. ज्याने हे लक्षात घेतलेलं नसतं त्याच्या ॲपमध्ये आपली नावं मध्येच तुटतात. मी जे करीन त्यात तुटणार नाहीत. त्या दिवशी तुझी फार आठवण आली. खडूने पांढरी झालेली तुझी बोटं डोळ्यांसमोर आली.

प्रकल्पासाठी औषधांची आठवण करून देणारं ॲप घेतलंय. कुणासाठी ते सांगायला नको. पहिल्या चाचणीत सूचना चाळीस मिनिटं उशिरा आली. शोधलं तर कळलं, पडून असलेला फोन बॅटरी वाचवायला झोपतो आणि साधे अलार्म पुढे ढकलतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून हे आहे, त्याला डोझ म्हणतात. वेळेवर वाजायलाच हवा असा अलार्म वेगळ्या पद्धतीने लावावा लागतो, तो आता लावलाय. पण बाबा, मी सांगेपर्यंत त्यावर विसंबायचं नाही. गोळ्या डबीतल्या खणांप्रमाणेच घ्यायच्या.

आणि फोनवरचं वाचता आलं नाही की "माझे डोळे गेले" असंही सारखं म्हणू नका. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं कुणालाच नीट दिसत नाहीत. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, असं वेब सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि कितीतरी ॲप ते पाळत नाहीत. तरी डोळे तपासून घ्याच. या महिन्यात. पुढच्या नाही.

माझी काळजी करू नका. दोन वर्षांचा खर्च मी तीन वर्षं आधीपासून बाजूला काढत होते. तुमच्या औषधांचे पैसे त्याच तारखेला येतील, त्यात काही बदल नाही. खोली तीच आहे, खिडकीत ऊन येतं, दोन्ही वेळा जेवते. पाठ दुखू नये म्हणून चांगली खुर्ची घेतली. रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडत नाही. बरं, कधीकधी साडेअकरा होतात. पूर्वी वर्षअखेरीला मी कशी दिसायचे ते आई विसरली नसेल. आता तशी दिसत नाही.

आता ऐका. फोनवर अपडेट आलं की "नंतर" दाबू नका, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, माझं नाव घेऊन कुणी मागितला तरी नाही. मी कधीच मागणार नाही. आलेल्या अनोळखी लिंकला हात लावायचा नाही. बाबांनी रात्री उठताना आधी दिवा लावायचा, मग पाय खाली ठेवायचा. रक्तदाब रोज एकाच वेळी मोजून लिहायचा. मला आकडे हवेत, "ठीक आहे" नको. हे रागावून लिहीत नाहीये, लांबून दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहितेय.

तुम्ही माझ्यावर रागावलात तरी चालेल. फक्त "तुझं तू बघ" म्हणून गप्प बसू नका.

आणि आई, ती वही कपाटातून बाहेर काढ. फाडू नकोस. चुकलेल्या नंबरावर बाबांकडून एक सरळ रेघ मारून घे. मावशीचा नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, आणि बाकी तिन्ही ठिकाणी नंबर न लिहिता फक्त "पान १ बघ" एवढंच लिही.

तुमची,
धाकटी