सांगड जोडून देणाऱ्या मेस्तमामांना

मेस्तमामा,

माझी होडी दुरुस्त करून दिलीत म्हणून तुम्हाला समोर बसवून आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्यांदा तुम्ही विडी पेटवायला उठून गेलात. दुसऱ्यांदा म्हणालात, "मास्तर, तें राहूं दे, तो पाना दे." म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. तुमची नात हे वाचून दाखवील आणि तोवर तुमची काड्यापेटी तिच्याकडे राहील, असं आमचं ठरलंय.

तुम्हाला ठाऊक असलेलंच थोडं इतरांसाठी सांगतो. इथे गोव्यात, मोरजीला एका बंद पडलेल्या गेस्ट हाउसच्या मागे, माडांखाली, हॉबी 16 जातीची शिडाची कॅटामरान कित्येक पावसाळे पडून होती. दोन अरुंद फायबरच्या होड्या, मध्ये ॲल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेलं जाळीचं कापड. कॅलिफोर्नियाच्या हॉबी आल्टर यांनी 1970 च्या सुमारास ही जात बाजारात आणली, ती वाळूवरून थेट लाटेत ढकलता यावी म्हणून. लांबी पाच मीटर, वजन जेमतेम 145 किलो. आमची मात्र चौघांना जागची हलेना. एका होडीवर वरून नारळ पडून भोक पडलं होतं, त्यातून पावसाचं पाणी आत साचलं होतं. जाळीवर गवत उगवलं होतं, डोलकाठीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. 40,000 रुपये मोजून मी ती शिवोलीला घरी आणली. बायको म्हणाली, "चाळीस हजार दिलेत, की न्यायचे घेतलेत?"

शाळामास्तराच्या पगारात घराचा हप्ता गेल्यावर उरतं ते सगळ्यांना माहीत आहे. सगळं मिळून लाखाच्या वर जायचं नाही, असं मी वहीत लिहिलं होतं. परदेशातून नवीन शिडांची जोडी मागवायचा दर विचारला आणि फोन खाली ठेवला. मग कोणीतरी म्हणालं, शापोऱ्याच्या जेटीवर मासेमारीच्या फायबर होड्या दुरुस्त करणारे मेस्त आहेत, त्यांना दाखव.

तुम्ही आलात आणि खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलंत. हत्यार नाही, पट्टी नाही. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत वीतभर अंतरावर ठोकत गेलात. टण्ण, टण्ण, टण्ण आणि मध्येच ढप्. ढप् आला की खडूने गोल. अर्ध्या तासात माझी होडी देवी आलेल्या पोरासारखी दिसायला लागली. या होडीच्या भिंती म्हणजे फायबरच्या दोन पातळ सालींमध्ये फोम. साल फोमपासून सुटली की आवाज मरतो आणि भिंतीतला जोरही जातो. मी विज्ञान शिकवतो, मला हे पुस्तकातून कळलं असतं. तुम्हाला या होडीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. शेवटी खडू कानावर ठेवून म्हणालात, "जितें आसा." जिवंत आहे. माझ्यासाठी व्यवहार तिथेच पक्का झाला.

नावावरून आठवलं. मी कॅटामरान म्हणायचो, तुम्ही सांगड. मला आधी वाटलं, तुम्हाला तो शब्द जड जातोय. मग सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, आमच्या शिवोलीच्या पाण्यात येणाऱ्या सजवलेल्या होड्या आठवल्या, आणि सांपेद्राला, म्हणजे सेंट पीटरच्या सणाला, 29 जूनला, रापणकार मच्छीमार दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर मंच घालतात ती सांगड. कॅटामरान हा शब्दच मुळी तमिळ कट्टुमरममधून आलेला, कट्टु म्हणजे बांधणं आणि मरम म्हणजे लाकूड. म्हणजे जगाने आपल्याच किनाऱ्यावरचं नाव फायबरच्या होडीला लावून ती मला विकली, आणि तिचं खरं नाव तुम्ही पहिल्याच दिवशी घेतलंत.

मॅटची, म्हणजे भोकावर लावायच्या फायबरच्या चादरीची, गोष्टही लिहूनच टाकतो, कारण त्यात चूक माझी होती. ती चिकटवायला तुमची सवय पॉलिएस्टर रेझिनची. मी वाचून वाचून शहाणा झालो होतो, त्यामुळे एपॉक्सी हा दुसरा रेझिन हवा म्हणून हटून बसलो. जुन्या फायबरला एपॉक्सी जास्त घट्ट धरतो, हे खरंच आहे. तुम्ही वाद घातला नाहीत. पण मी दुकानातून एपॉक्सीबरोबर तुमच्या नेहमीच्याच तुकड्या-तुकड्यांच्या मॅटचा गठ्ठा उचलून आणला. तुम्ही एका फुटक्या बादलीवर नमुना लावून पाहिलात, ब्रश दोनदा फिरवलात आणि म्हणालात, "हें भिजना मास्तर, हें विणलेलें जाय." नंतर मला कारण सापडलं. त्या मॅटचे धागे ज्या चिकट्याने एकत्र राहतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि एपॉक्सीत विरघळत नाही. तुमच्या बोटांना ते ब्रशाच्या ओढीवरून कळलं. मॅट परत देऊन विणलेलं कापड आणलं. दुकानदाराने मॅट परत घेतलं, पण तोंड वाकडं करून.

सुटलेल्या सालींसाठी म्हापशाच्या औषधाच्या दुकानात वीस मिलिलिटरच्या पंधरा सिरिंज मागितल्या, तेव्हा तिथल्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते विसरणार नाही. खडूच्या प्रत्येक गोलात बोटभर अंतरावर बारीक भोकं, फक्त वरच्या सालीपुरती. एका भोकातून एपॉक्सी टोचायचा, शेजारच्यातून वर आला की पुढचं भोक. वर प्लास्टिक, त्यावर वाळूच्या पिशव्या. हे काम तुम्ही उतरत्या उन्हातच करायला लावलंत. दिवसभर तापलेली होडी निवायला लागली की आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढला जातो. मी एकदा सुट्टीच्या दिवशी घाईने दुपारी बारा वाजता अर्धा लोटा एपॉक्सी मिसळून ठेवला. दहा मिनिटांत धूर आणि लोट्याचा बुंधा मऊ. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून पसरट ताटली घेऊन आलात. पातळ पसरलं की उष्णता निघून जाते, हे आठवीच्या पुस्तकात आहे, आणि ते मीच शिकवतो.

एका गोष्टीवर माझं तुमच्याशी अजून भांडण आहे. सँडर चालवताना फायबरची धूळ तुम्ही अशी घेता जशी सकाळची हवा. मी आणून दिलेला मास्क तुम्ही खिळ्याला टांगलात, तो अजून तिथेच आहे. खोकला फेणीने जात नाही, मामा.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे खरं तर तुम्हीच ठरवलंत. जाळीसाठी मी ताडपत्री शिवून घ्यायला निघालो होतो. तुम्ही म्हणालात, पाणी खाली कुठून जाणार, होडीवर विहीर बांधतोस? मग म्हापशाला छपरं आणि रेक्झिन शिवणाऱ्याकडे प्लास्टिक चढवलेली जाळी शिवून घेतली, कडेला स्टीलची आयलेट. ओवायला नायलॉन घेतलं तर तेही परत पाठवलंत, भिजलं की ताणतं म्हणून. पॉलिएस्टरची दोरी आली. शिडं जुनीच ठेवली. कापड अजून धड होतं, उन्हाने फक्त शिवण खाल्ली होती, ती त्याच माणसाने दोन रात्रींत दुहेरी घालून दिली. सुकाणूच्या बिजागऱ्यांना नायलॉनचे बुश तुमच्या लेथवाल्या मित्राने करून दिले आणि पैसे विचारल्यावर तोही तुमच्यासारखाच विडी पेटवायला गेला.

पण तारांच्या बाबतीत तुम्ही एक पैसा वाचवू दिला नाहीत. डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या तारा चकचकीत दिसत होत्या, मी त्या पुसून लावणार होतो. तुम्ही माझ्या हातातला कापूस घेतलात आणि तारेवरून वरून खाली फिरवलात. टोकाला, जिथे तार दाबून बसवलेली असते, तिथे कापसाचा धागा अडकला. आत एक धागा तुटलेला, गंजलेला. बाहेरून स्टील, आतून खाजण. पगार झाल्यावर नव्या, 316 जातीच्या स्टीलच्या तारा आल्या. त्या महिन्यात घरात मासे कमी आले, आणि ते नेमके तुम्ही भरून काढलेत, हे बायकोने मला नंतर सांगितलं.

पाणी कुठून शिरतं ते पाहायला साबणाच्या फेसाची रात्र. तुम्ही बुचाच्या भोकाला नळी लावून तोंडाने हवा भरत होतात, मी सांध्यांवर फेस लावत होतो. बुडबुडा दिसला की पुट्टी. असा एक बुडबुडा वरच्या कडेखालच्या टाचणीएवढ्या भोकातून आला आणि मी पुट्टी घेऊन धावलो, तर तुम्ही मनगट धरलंत. "तें नाक." उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट नसेल तर सांधेच उकलतात. कंपनीने मुद्दाम ठेवलेलं भोक ते. तुम्ही कंपनीची पुस्तिका कधी पाहिली नव्हतीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ऑक्टोबरातला तो रविवार. पाऊस सरला होता, डोलकाठी उभी करून पाहायची होती. आठ मीटर लांब, पूर्ण ॲल्युमिनियमची. मी आणि शाळेतले दोन सहकारी, अंगणातच, कारण अंगण सपाट. डोलकाठी खांद्यावर आली होती आणि तुम्ही रस्त्यावरून ओरडलात. तुमचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. आम्ही जागच्या जागी थांबलो. तुम्ही फक्त वर बोट केलंत. माडाच्या झावळ्यांमागून विजेची लाइन गेली होती, मी रोज तिच्याखालून शाळेत जातो. आणखी दोन पावलं आणि डोलकाठीचं टोक तिथे पोचलं असतं.

अमेरिकेत याच होडीच्या डोलकाठ्या विजेच्या तारांना लागून माणसं गेली आहेत. त्यानंतर तिथे डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करायला लागले. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, मामा, आणि तरी मी खाली बघत होतो, पाय कुठे ठेवायचा ते. तुम्ही मग काही बोलला नाहीत, होडीला दोरी बांधलीत, आम्ही चौघांनी ती ढकलत नदीकाठच्या मोकळ्या जागेवर नेली आणि तिथे डोलकाठी उभी केली. माझ्या सहकाऱ्याचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. मी घरी हे सांगितलं नाही. आज बायको हे वाचेल, तेव्हा संध्याकाळी तुमच्याकडे जेवायला येऊ का, ते कळवा.

गोव्यात होड्यांचं कौतुक होत नाही असं नाही. दिवाडीला बांधलेल्या 'म्हादई'तून दिलीप दोंदे एकटे जगाला वळसा घालून आले, पुढे त्याच होडीतून अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरले. 'तारिणी' सहा नौदल अधिकारी महिलांना घेऊन 2018 च्या मे महिन्यात गोव्याला परतली, तेव्हा मी मुलांना ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. व्हायलाच हवं ते. पण शापोऱ्याच्या जेटीवर जूनजुलैच्या मासेमारीबंदीत ताडपत्रीखाली उकिडवं बसून, पुढच्या हंगामात कोणाची होडी बुडू नये म्हणून नाणं ठोकत जाणाऱ्या माणसाला कोणी शाल देत नाही. तुम्ही ती घेणारही नाही. घेतलीत तर रेझिनचे हात पुसाल.

डिसेंबरात आम्ही ती पाण्यात ढकलली. सकाळचा मतलई वारा मंद होता, बरं झालं. तुम्ही वाळूवरून बघत होतात. तिला खाली पाण्यात सोडायची फळी नसते, होड्यांची बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असते, त्यावरच ती वाऱ्याविरुद्ध तग धरते, हे तुम्हाला पटतच नव्हतं. केळ्यासारखं बूड, आडवी वाहत जाईल, असं तुम्ही गावभर सांगितलं होतंत. ती नदीतून तिरकी वर चढली तेव्हा तुमचा चेहरा मला पाहता आला नाही, कारण शीड मध्ये होतं. वळून येईपर्यंत तुम्ही पाठ फिरवून चालायला लागला होतात.

हिशेब वहीत पूर्ण झालाय. होडीसकट 97,400 रुपये. त्यात तुमच्या नावापुढे काजूच्या उर्राकच्या दोन बाटल्या आहेत, त्याही एप्रिलातल्या, आणि एक तुम्हीच मला पाजलीत. हा आकडा खोटा आहे हे दोघांनाही माहीत आहे.

डावी होडी अजून प्रत्येक फेरीला लोटाभर पाणी घेते. तुम्ही म्हणालात, म्हातारी आहे, थोडं पाणी पिणारच. तरी एकदा येऊन बघा. आणि एकदा बसा. एका पायावर नाचणाऱ्या होडीत मी बसत नाही, असं म्हणता, पण मी दोन्ही पाय पाण्यात ठेवून नेईन. नारळ आणून ठेवलाय, तो अजून कोणी वाढवलेला नाही.

तुमचा,
शिवोलीचा मास्तर

ता. क. तुमचं पाच रुपयांचं नाणं माझ्या अवजारांच्या डब्यात सापडलं. परत देणार नाही.