दात तपासले, पुढे काय?

शाळेतल्या आरोग्य तपासणीत मुलाने तोंड उघडायचे, डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात दोन क्षण पाहायचे आणि कार्डावर 'दात किडले' असे लिहायचे, इथवर सगळे सुरळीत चालते. घोडे अडते ते त्यानंतर. चिठ्ठी दप्तरात चुरगळते आणि दाढ ठणकू लागली की मगच पालक धावतात. तोवर अनेकदा ती काढण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. आधीचा एकही दात न पडता ती उगवत असल्याने 'दुधाचीच आहे, पडेल' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. (आमच्याही घरी हेच झाले.) खरे तर तिच्या खोल खाचा सीलंटने (कीड रोखणाऱ्या पातळ थराने) बुजवणे हे काही मिनिटांचे, भूल न देता होणारे काम आहे. दात किडू नयेत म्हणून लावायचा फ्लोराइड वार्निशचा लेप तर वर्षातून 2 वेळा शाळेतच देता येतो.

सार्वजनिक आरोग्यसेवेने किती मुले तपासली हे सांगण्याऐवजी किती जणांचे उपचार पूर्ण झाले, ते जाहीर करावे. आणि सरकारी रुग्णालयातल्या दंतविभागाची वेळ नेमकी शाळेच्याच वेळेत का, हेही एकदा कळू द्या!

– एक पालक