ट्रकची मंदी आणि भोसरीतले वर्कशॉप

महोदय,
ट्रकची मागणी पडली की मोठ्या कंपन्या कशा सावरतात हे 2019 ला पिंपरी-चिंचवडने जवळून पाहिलंय. त्याआधी 2018 मध्ये सरकारने एक्सल लोड (ट्रकच्या प्रत्येक आसावर किती वजन चालेल ती मर्यादा) वाढवून दिला, आहे त्याच गाड्यांत जास्त माल जायला लागला, त्यात मंदी आली, मग नवा ट्रक घेणार कोण? टाटा मोटर्सने ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवला, अशोक लेलँडने कामबंद दिवस जाहीर केले. त्यांचंही बरोबर आहे, न विकलेल्या गाड्या यार्डात किती उभ्या करणार, पण त्यांना सुटे भाग बनवून देणाऱ्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याचा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचा हप्ता थांबत नाही हो, आणि कंत्राटी पोरांना तर उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात. निदान किती माल लागणार ते शेड्यूल कंपन्यांनो, आधी कळवा आणि व्हेंडरची, म्हणजे माल पुरवणाऱ्यांची, बिलं वेळेवर द्या.
- एक वाचक, भोसरी